तीन कागदांवर तीन नावं, तिथंच अडकलंय बघ

वाचकाचं पत्र (थोडक्यात): ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. चार वर्षं झाली घरातनं कांदा-लसूण चटणी करून विकते. आधी गल्लीपुरतंच होतं, आता पुण्या-मुंबईहून आणि निपाणी-बेळगावहून पण व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात. पैसे पुतण्याच्या क्यूआरवर घेते, तो मला नंतर रोख देतो. आता स्वतःचं काहीतरी करावं म्हणून एका पेमेंट कंपनीकडे फॉर्म भरला तर तीनदा रिजेक्ट, कारण एकच, 'डिटेल्स मिसमॅच'. व्हिडिओ केवायसीत, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून घेतात त्यात, त्या कंपनीच्या मुलाने तीन वेळा नाव विचारलं, मला चोर असल्यासारखं वाटलं. एक एजंट म्हणतोय सहा हजार द्या, उद्यम, शॉप ॲक्ट, फूडचं आणि व्हेरिफिकेशन सगळं दोन दिवसात करून देतो. मिस्टर म्हणतात एवढा ताप कशाला, माझ्या नावावर करून टाक. काय करू?

उत्तर:

अगं, आधी ते चोर असल्यासारखं वाटलं ते मनातनं काढून टाक. सगळ्या पत्रात मला तेच जास्त लागलं. मी इथंच एका बँकेत एकोणीस वर्षं खातं उघडायच्या टेबलावर बसले, तुझ्यासारख्या कितीतरी बायका समोर येऊन बसल्या आणि "तुमचं नाव नक्की काय?" या एका प्रश्नाला त्यांचा चेहरा पडलेला मी बघितलाय. विचारणाऱ्याला तो साधा प्रश्न वाटतो. पण माहेरचं नाव, सासरचं नाव, मधे वडील की नवरा, शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशन कार्डावर दुसरंच, हे सगळं आपल्या बायकांच्या वाट्याला येतं आणि त्यात तुझी काडीची चूक नाही.

तू मिरची घेताना देठ मोडून, हातात चुरून, वास घेऊन बघतेस ना, ते काय मिरचीवाल्याचा अपमान करायला बघतेस का? तसंच आहे हे. पेमेंट कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, मार्च २०२० मधे ते पहिल्यांदा आले, त्यात सांगितलंय की ज्या धंदेवाल्याला तुम्ही जोडून घेताय त्याची नीट चौकशी करा, तो गिऱ्हाइकाला फसवणारा नाही ना, बनावट माल विकत नाही ना हे बघा. आणि त्याच नियमात असंही आहे की गिऱ्हाइकाने दिलेले पैसे कंपनीने बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाही अशा खात्यात, ठेवायचे आणि तिथनंच तुला द्यायचे. म्हणजे तो मुलगा तुला जे विचारत होता आणि तुझे पैसे सुरक्षित राहतात, या दोन्ही गोष्टी एकाच नियमातनं आल्यात.

आता मुद्द्याचं. तू पत्रात लिहिलंयस की आधारवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आहे, पॅन लग्नाआधीचं म्हणून त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आणि बँकेच्या पासबुकावर तुझं नाव, मधे नुसतं एक अक्षर आणि सासरचं आडनाव. हे तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि तू नाही तर एखादी अनोळखी बाई बघतेय असं समजून वाच. तीन वेगळ्या बायका दिसतात की नाही? कंप्युटरला पण तशाच दिसतात. तू खातं नंबर आणि आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, टाकलास की ते त्या खात्यावर एक रुपया पाठवून बघतात आणि बँक उलट कळवते की हे खातं कुणाच्या नावाचं आहे. पासबुक काढून बघ, त्या तारखांना कुठनं तरी एक रुपया जमा झालेला दिसेल, तोच तो. बँकेकडनं आलेलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही की फॉर्म परत. कितीही वेळा भरलास तरी परतच येणार, म्हणून चौथ्यांदा भरू नको, आधी नाव सरळ कर.

आणि इथं एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. तुझ्या धंद्याला तू कितीही छान नाव दे, पण तू एकटी मालकीण आहेस तोवर कायद्याच्या नजरेत धंदा म्हणजे तूच. त्याला वेगळं पॅन मिळत नाही, तुझंच पॅन चालतं. पॅनवरचं चौथं अक्षर बघ, इंग्रजी 'पी' असेल, म्हणजे व्यक्ती. भागीदारी फर्मला तिथं 'एफ' असतो, कंपनीला 'सी'. त्यामुळे फॉर्मवर जिथं लीगल नेम विचारलंय तिथं चटणीच्या ब्रँडचं नाव टाकायचं नाही, पॅनवर आहे तस्सं तुझं स्वतःचं नाव टाकायचं, आणि ब्रँडचं नाव जिथं बिझनेस नेम किंवा ट्रेड नेम विचारतात तिथं. माझी खात्री आहे तीनपैकी एकदा तरी तू तिथं ब्रँड टाकला असशील.

मग कुठलं नाव ठेवायचं? हे तू ठरव, दुसऱ्या कुणी नाही. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, माहेरचं ठेवायचं असेल तर बिनधास्त ठेव. फक्त एकच ठेव. तुझी गल्ली, गिऱ्हाईक, मुलांची शाळा सगळीकडे तू सासरच्या नावाने आहेस आणि आधारही तसंच आहे, म्हणून मला वाटतं पॅन आणि बँक आधारसारखं करणं तुला सोपं पडेल. आधारला हात न लावलेला बरा, तिथं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पॅनवर नाव दुरुस्त केलं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे काही तुटत नाही. पुरावा म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट लागेल. तू कधी काढलंच नसशील तर घाबरू नको, लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाली तरी नोंदणी होते, शहरात महानगरपालिकेत आणि गावाकडे झालं असेल तर ग्रामपंचायतीत, साक्षीदारांची कागदपत्रं घेऊन जायचं. मग दुरुस्त पॅन आणि आधार घेऊन बँकेत जा, नाव बदलायचा अर्ज दे आणि पासबुकावर पूर्ण नाव छापून घे. ते मधलं एक अक्षर चालणार नाही. आमच्या टेबलावर नावं अशीच आखूड टाकायची सवय होती, लांब नाव कशाला म्हणून, आणि त्या वेळी कुणाचंच अडत नव्हतं. आता त्याच एका अक्षरापायी बायका खेटे घालतायत हे बघून मला खरंच वाईट वाटतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला 'चालतंय की एवढं' तर ऐकू नको, पूर्ण नावच माग.

याच फेरीत आधारला कुठला मोबाईल जोडलाय ते बघून घे. पुढची बरीच कामं आधारच्या ओटीपीवर चालतात आणि बऱ्याच घरात बायकोच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर कधीच बंद झालेला नंबर असतो. तुझा, तुझ्या हातातला नंबर लाव.

खातं कुठं आहे हेही बघ. कोल्हापुरात आपल्याला पतसंस्थेची सवय, पिग्मीवाला दारात येतो, माणसं ओळखीची, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या खात्याला स्वतःचा आयएफएससी नसतो, त्यामुळे हे ऑनलाईन पैसे तिथं घेता येत नाहीत. बँकेतलंच खातं लागेल. बचत तिथं खुशाल चालू ठेव.

नाव एक झालं की पुढचं भराभर होतं बघ. उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅन नंबर टाकून स्वतः माहिती भरायची, एकही कागद अपलोड करावा लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. दरवर्षी रिन्यूही करायला लागत नाही. फक्त साईटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' ने संपतोय ना ते बघ, कारण सर्च केल्यावर अगदी सरकारी दिसणाऱ्या साईट वर येतात आणि रजिस्ट्रेशन फी म्हणून दोन-तीन हजार मागतात. शॉप ॲक्टला तुझ्यासारख्या एकटीच्या धंद्याला लायसन्स लागत नाही, आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाईन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, त्यालाच लोक शॉप ॲक्ट म्हणतात. आणि खायची वस्तू आहे म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन, घरगुती धंद्याला त्यातलं सगळ्यात साधं, फी नाममात्र, हे मात्र टाळू नको. तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा असतो आणि पेमेंट कंपनी खाण्याच्या वस्तूंसाठी तोच आधी मागते. चार वर्षं तू त्याच्याशिवाय विकलंस, आता नको.

हे भरताना ब्रँडच्या स्पेलिंगकडे लक्ष दे, कारण मराठीत 'चटणी' एकच असली तरी इंग्रजीत एक जण सी-एच-ए-टी-एन-आय लिहितो आणि दुसरा सी-एच-यू-टी-एन-ई-वाय. उद्यमवर एक, शॉप ॲक्टवर दुसरं आणि पाकिटावर तिसरं झालं की परत तेच, मिसमॅच. एका कागदावर मोठ्या अक्षरात स्पेलिंग लिहून भिंतीला चिकटव, मधे जागा सोडायची की नाही तेही ठरव, आणि प्रत्येक फॉर्मला तेच बघून टाईप कर. पेमेंट कंपनी धंद्याच्या जागेचा फोटो पण मागते. दुकान नाही म्हणून तू दाराचा नुसता फोटो पाठवला होतास, त्यात ब्रँडचं नावच कुठं नाही. एक छोटी पाटी करून घे, मराठीत मोठं आणि खाली इंग्रजीत तेच स्पेलिंग, दाराशेजारी लाव आणि मग पाटी, दार, आत चटणीच्या बरण्या दिसतील असा फोटो काढ. लाईट बिल सासऱ्यांच्या नावाचं आहे म्हणतेस, तर त्यांच्याकडनं एका कागदावर संमतीपत्र घे की माझ्या घरात सूनबाई हा धंदा करते आणि माझी हरकत नाही.

करंट खात्याची घाई नाही. एकट्या मालकीच्या धंद्याच्या नावाने खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे धंद्याच्या नावाचे दोन पुरावे लागतात, आणि उद्यम नि शॉप ॲक्ट झालं की ते दोन तुझ्या हातात असतीलच. तोवर तुझ्या स्वतःच्या बचत खात्यावर धंद्याचा यूपीआय क्यूआर घे, तुझी बँकही देईल. यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराकडनं बँकेने टक्केवारी कापायची नाही असं १ जानेवारी २०२० पासून आहे. पेमेंट कंपनीची लिंक किंवा कार्डाचे पैसे घ्यायचे असतील तर तिथं कमिशन आणि त्यावर जीएसटी असतो, दर वाचून मगच हो म्हण. खरं सांगू, तुझी गिऱ्हाईकं व्हॉट्सॲपवरची आहेत, पाकीट दीड-दोनशेचं, तर पहिले सहा महिने नुसत्या क्यूआरवर तुझं भागेल असं मला वाटतं.

तरी लिंक पाहिजेच असेल तर एक साधं पान बनव, त्यावर वजन, भाव, पत्ता, फोन, किती दिवसात पोचतं आणि माल परत घेणार की नाही, पैसे किती दिवसात परत देणार, हे स्वच्छ लिही. हे पान बघितल्याशिवाय कंपनीवाले पास करत नाहीत. पाकीट फुटून आलं तर फोटो पाठवा, सात दिवसात पैसे परत, एवढं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं तरी पुष्कळ.

आता निपाणीचं. हे जरा नीट वाच, कारण आपल्या भागात इथंच लोक फसतात. आपल्याला निपाणी म्हणजे घरचंच वाटतं, कागल झालं की आलंच, पण कोगनोळीचा नाका ओलांडला की ते कर्नाटक. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही, तू त्याच्या पुष्कळ आत असशील. पण ती सवलत राज्यातल्या राज्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की विक्री हजाराची असो नाहीतर लाखाची, रजिस्ट्रेशन लागतं, आणि मसाला-चटणी करपात्र आहे. निपाणीची बाई देवीच्या दर्शनाला आली आणि तुझ्या दारातनं पाकीट घेऊन गेली तर ती विक्री कोल्हापुरातली. तू कुरियरने तिच्या घरी पाठवलंस तर ती आंतरराज्य. म्हणून नंबर घेईपर्यंत तिकडची कुरियरं थांबव, आणि तिकडच्या ऑर्डरी खरंच भरपूर असतील तर सीएकडे एकदा बसून नंबर घे, रजिस्ट्रेशनची सरकारी फी नाही पण नंतर वेळेवर रिटर्न भरायला लागतात, तो खर्च धरून हिशोब कर. 'कोण बघतंय' असं म्हणणारे भेटतील. जुलै २०२५ मधे कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, भाजीवाल्यालाही गेली होती. बघतात गं.

आणि म्हणूनच पुतण्याचा क्यूआर आजपासून बंद कर. पोरगा चांगला असेल, पै न् पै देत असेल, प्रश्न त्याच्या दानतीचा नाही. चार वर्षं तुझी सगळी कमाई त्याची म्हणून कागदावर चढलीय, उद्या त्याला कुणी विचारलं हे पैसे कुठनं आले तर त्या पोराने काय सांगायचं? शिवाय कधी एखाद्या फसवणुकीतले पैसे फिरत फिरत गिऱ्हाइकाकडनं त्याच्या खात्यावर आले तर बँक खात्यावर होल्ड लावते, मग त्याचा पगारही अडकतो आणि तुझे चटणीचे पैसेही. असं झालेलं मी टेबलापलीकडनं बघितलंय, चूक नसलेला पोरगा पोलीस स्टेशन आणि बँक असे हेलपाटे घालत होता, आणि ज्या काकूचे पैसे त्यात होते तिच्याकडे ते तिचेच आहेत हे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती.

एजंटचं सांगते. पैसे देऊन काम करून घेणं वाईट नाही, वेळ नसेल तर महा-ई-सेवा केंद्रातनं नाहीतर एखाद्या कर सल्लागाराकडनं पावती घेऊन करून घे. पण 'दोन दिवसात व्हेरिफिकेशन' हे त्याच्या हातात नाहीच, ते पेमेंट कंपनी आणि बँक करते. आणि सहा हजारापेक्षा मला दुसरीच भीती आहे. असे लोक फॉर्मवर स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ईमेल टाकतात. माझ्या शेजारच्या पापडवाल्या वहिनींचं तसंच झालं, सगळी सर्टिफिकेटं छान फ्रेम करून दिली त्याने, आणि दोन वर्षांनी पत्ता बदलायचा म्हटल्यावर ओटीपी जाणार त्याच्या नंबरवर आणि त्याचा फोन बंद. कुणाकडनंही करून घे, पण मोबाईल तुझा, ईमेल तुझा आणि पासवर्ड तुझ्या वहीत. कुणी स्क्रीन शेअर करा म्हणालं, किंवा पैसे यायला यूपीआय पिन टाका म्हणालं तर फोन ठेवून दे, पैसे यायला पिन कधीच लागत नाही. कधी पैसे गेलेच तर लगेच, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लाव, उद्यावर ढकलू नको.

राहिलं मिस्टरांचं. ते वाईट हेतूने म्हणत नाहीत, बायकोची धावपळ वाचावी म्हणूनच म्हणत असतील. पण मी स्पष्ट सांगते, त्यांच्या नावावर करू नको. पहाटे उठून कांदा चिरणारी तू, मिरची कुटायच्या डंकावर तासनतास उभी राहणारी तू, डोळ्यातनं पाणी काढत लसूण सोलणारी तू. उद्या मोठा डंक घ्यायचा ठरवलास, मुद्रा लोन मागायला गेलीस, तर बँक विचारणार तुमच्या नावावर उलाढाल किती, आणि चार वर्षं राबलेल्या बाईचं स्टेटमेंट कोरं. उद्यमच्या फॉर्मवर मालक स्त्री की पुरुष हे विचारतात, तिथं 'पुरुष' लिहिलं की बायकांसाठीच्या ज्या काही योजना येतील त्यातनं तू आपोआप बाहेर. मिस्टरांना म्हणावं, मदतच करायची तर महानगरपालिकेत लग्नाच्या सर्टिफिकेटसाठी माझ्याबरोबर चला, तिथं तुमची सही लागतेच.

मार्चात नवीन मिरची आली की तुला जेवायला पण सवड नसते, म्हणून सर्टिफिकेट आणि पॅनचा अर्ज आधी टाक, बाकी सगळं त्याच्यामागनं. पुढच्या वेळी व्हिडिओ केवायसीला बसताना मूळ पॅन हातात घे, खिडकीकडे तोंड करून बस, फोनचं लोकेशन चालू ठेव आणि नाव विचारलं की पॅनवर आहे तसं पूर्ण नाव सावकाश सांग. तीनदा विचारलं तर तीनदा सांग, तेच, तसंच.